एक हजार दहा

शनिवारी एअरलॉकमधला बुडबुडा थांबला.
त्याआधी नऊ दिवस जिन्याखालच्या कपाटातून
त्याचा आवाज यायचा,
कुणी झोपेत ओठ चाटावेत तसा.
येल बेटावरचा वारा छपराशी भांडत असताना
मी त्याच आवाजाला कान लावून झोपायचो.
आता कपाट गप्प.

थांबला तो संपला, म्हणतात.
मॅग्नीही तेच म्हणाला. धक्क्यावरून थेट आला,
ओले बूट दारात न काढता.
रूनाच्या लग्नाला अठरा दिवस,
बाटलीत मुरायला दोन आठवडे,
हिशेब बोटांवर तयार.
गुडघ्याला बाशिंग इथे नवऱ्याच्या नव्हतं,
नवरीच्या बापाच्या होतं.
"भर बाटल्या," म्हणाला. "कसली वाट बघतोस?"

मी त्याला दार दाखवलं.
कपाटाचं. आतल्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर,
हिरव्या काचेचं एक नख रुतलंय अजून.
मागच्या फेब्रुवारीतलं. तेव्हाही बुडबुडा थांबला होता,
तेव्हाही आम्ही दोघा भावांनी मिळूनच ठरवलं होतं.
पहाटे तीनला पहिली बाटली फुटली,
तिच्या धक्क्याने दुसरी, मग रांगच लागली,
एकूण एकोणीस.
शेजारची जेसी टॉर्च घेऊन नाइटगाउनवर धावली,
तिला वाटलं कुणीतरी मेंढ्यांवर गोळ्या झाडतंय.
सकाळी जिन्याच्या पायऱ्यांतून बिअर ठिबकत होती
आणि कुत्रा माझ्याकडे प्रथमच आदराने बघत होता.
काच मी काढली नाही.

बुडबुड्याचं काय, तो थंडीनंही थांबतो.
झाकण सैल असलं तरी थांबतो,
वायू दुसऱ्या फटीतून निघून जातो गुपचूप.
उलट कधी सगळं आटोपलेलं असतं,
आणि वादळाआधी हवेचा दाब उतरला
की हा उगाच बोलायला लागतो.

नळकांड्यात थोडी काढली.
हायड्रोमीटर सोडला, गोल फिरवून
त्याला चिकटलेले बुडबुडे झटकले,
गुडघ्यावर बसून डोळा पातळीला आणला.
एक हजार अठरा.
निव्वळ पाणी म्हणजे एक हजार.
हिने दहावर यायला हवं.
मॅग्नीने चाखली. गोड होती,
कच्च्या पावासारखी.
"आठच तर आहेत जास्त," म्हणाला.
"आठच," मी म्हणालो,
आणि दोघांनी त्या हिरव्या नखाकडे पाहिलं.

पिंप स्टोव्हजवळ ओढलं.
वडिलांचा बोटीवरचा स्वेटर त्याला नेसवला,
बाह्यांची गाठ पोटावर मारली.
मग दोन्ही हातांनी हळूच घुसळलं,
तळाशी झोपलेलं यीस्ट कूस बदलेल एवढंच.
सोमवारी सोळा. बुधवारी बारा. शुक्रवारी दहा.
फोनवर मॅग्नी ओरडला, "दहा!"
पण दहा एकदा दिसला म्हणजे दहा नव्हे.
शनिवारी दहा.
रविवारी पुन्हा बसलो गुडघ्यावर,
तोच आकडा, तीच रेघ,
आणि वरचं गढूळपण निवळून
पलीकडची खिडकी दिसायला लागलेली.
त्या दुपारी भरल्या. त्रेचाळीस बाटल्या.

लग्नात दुकानची बिअर होती.
कुणाला फरक पडला नाही. हॉलमध्ये फिडल वाजत होतं,
रूना अनवाणी नाचली,
मंगळवारी लरविकहून अ‍ॅबरडीनच्या बोटीत बसली.

मॅग्नी गुरुवारी आला.
या वेळी बूट दारात काढले,
शेजारी शेजारी नीट ठेवले.
मी एक बाटली उघडली.
पुरेसा आवाज झाला, जास्त नाही.
"झाली?" त्याने विचारलं.
"झाली."
त्याने ग्लास खिडकीच्या उजेडात धरला,
फेस बसेपर्यंत बघत राहिला,
बसल्यावरही.