वडगावचा थ

रिक्षा गल्लीत वळली आणि मागांचा आवाज आला,
खटाक्-खट, खटाक्-खट,
तसा जिभेवरचा एक अख्खा देश खाली उतरला.
भैरूमामा पायरीवर. कवा आलीस गे?
आत्ताच की, म्हटलं.
सात महिन्यांत पहिल्यांदा
वाक्याच्या शेवटी 'की' लागला.

तिकडे मी सहायक होते. इंग्रजीची.
आठवड्याला बारा तास, बेकरीच्या वरची खोली,
हीटरवर टाकलेले, कधीच पुरते न वाळणारे मोजे.
पहाटे चारला खाली कणीक मळायचं यंत्र सुरू व्हायचं
आणि मी झोपेत ओरडायचे,
अप्पा, दोरा तुटला.

तुझ्या भाषेत काहीतरी बोल,
पोरं म्हणाली पहिल्याच दिवशी.
मी खडू धरून उभी. कुठल्या?
हिशेब मराठीत, शिवी कानडीत,
आई बैलहोंगलची, ती वाढताना म्हणते ऊटा माडु
आणि उष्टं टाकलं की रागावते मराठीत.
मल्लव्वाबरोबर कांड्या भरताना जे बोलते
त्याला तर नावच नाही.
शेवटी म्हटलं, ऊन.
म्हणजे काय?
बाहेर नाहीये ते, मी म्हटलं.
तेवढ्यावर वर्ग माझा झाला.

आडनाव बाळेकुंद्री.
ळ विमानतळावरच राहिला, सामानात दिसला नाही.
एन्झो नावाचा पोरगा रोज प्रयत्न करायचा,
जीभ मागे वळवायचा आणि
माशाचा काटा अडकल्यासारखा खाकरायचा.
त्या रात्री खोलीत दोन्ही लिप्यांत गावाचं नाव लिहून पाहिलं.
ज्या पाटीवर इकडचे डांबर फासतात, तिकडचे पुसतात,
तिच्यात ळ दोन्हीकडून आहे.
हे इथे राहून वीस वर्षांत सुचलं नव्हतं.
कुणाला सांगणार? बेकरीवाल्याला सांगितलं.
त्याने एक पाव जास्त दिला.

पण थ.
पोरं म्हणायची सँक यू.
मी म्हटलं, जीभ दातांच्या मागे, आता वारा सोडा:
थांब. थोडं. थालीपीठ.
तेवीस तोंडांतून थालीपीठ निघालं.
मार्चमध्ये लंडनहून एक पाहुण्या बाई आल्या,
मागच्या बाकावर बसून ऐकलं,
आणि मादाम लक्लेरला हळूच विचारलं,
हा उच्चार नेमका कुठला?
मादामने माझ्याकडे पाहिलं.
मी खिडकीकडे.

चुकीचा आहे, मला ठाऊक होतं.
पाचवीत कुंडेकर सरांनी शिकवलेला,
त्यांना आणखी कुणी, छडी घेऊन.
नवा मला येत नव्हता असं नाही.
आरशासमोर यायचा. वर्गात तोंड उघडलं
की वडगावचाच यायचा.
आता त्या गावात तेवीस जण
जन्मभर असेच आभार मानतील
आणि लोक विचारतील, कुठली रे ही पद्धत.

दुपारी वीज गेली.
सगळी गल्ली एकदम बहिरी झाली.
फोनवर तिकडचं पत्र होतं:
पुन्हा येणार का, पंधरा तारखेपर्यंत कळवा.
काय म्हणत्यात? अप्पांनी विचारलं, मान वर न करता.
येतीस काय म्हणत्यात.
आणि तू नेमकं शिकवतीस काय गे तिकडं?
थ, म्हटलं.
ते हसले नाहीत. हिरव्या काठातला तुटलेला दोरा
बोटांनी पिळत होते,
सगळं ध्यान त्या दोन टोकांवर,
आणि जिभेचं टोक बाहेर आलेलं,
वरच्या खालच्या दातांमध्ये हलकं धरलेलं.
अगदी तिथंच,
जिथं पुस्तकातल्या चित्रात दाखवतात.

अप्पा, तसंच थांबा, मी म्हणणार होते.
वीज आली.