तीन गाठींचा दोर

तात्राच्या पायथ्याशी, मठामागच्या खोलीत
एकवीस वर्षं मी धुते आहे त्यांचे झगे.
बाहेरून तेच जाडंभरडं तपकिरी कापड.
फादर गौडेन्तच्या झग्याला आतून
या हिवाळ्यात लागलंय मऊसूत अस्तर,
आणि खिशात भिजलेली
विजेवर तापणाऱ्या गादीची पावती.

पावती वाळवली, इस्त्रीखाली सरळ केली,
त्यांच्या हातात दिली.
ते हसले. "माझं काहीच नाही गं, ल्युड्का.
गादी मठाची, गाडी मठाची,
मीसुद्धा मठाचाच."

असेलही.
माझी सायकल मात्र माझी आहे.
घराचं गळकं छप्पर माझं,
बँकेचे सात हप्ते, तेही माझेच.
हिशेब मांडला तर
या अंगणात श्रीमंत मी एकटीच.

त्यांच्या दोराला तीन गाठी असतात.
साबणाच्या पाण्यात फुगतात.
कोणती कशाची, मला कधी ओळखू आली नाही;
पण एक नेहमी सैल असते.

बोलणारच होते. मग आठवलं,
आई गेली त्या रात्री हाच माणूस
गुडघाभर बर्फातून चालत आला होता,
उजव्या पायाची दोन बोटं
तेव्हापासून नाहीत.

तरी अस्तर उसवायचा मोह होतो.
कात्री एप्रनमध्येच असते.

आज झगा बाहेर वाळत घातला.
थंडीनं गोठून लाकूड झाला.
काढून भिंतीला टेकवला
तर उभाच राहिला, आपला आपण,
आत कुणी नसताना.