बांध

द्रोणागिरीच्या गाळ्यात, दुसऱ्या मजल्यावर,
जिथून क्रेनांच्या नुसत्या माना दिसतात
आणि एसीचं पाणी बादलीत ठिबकत राहतं,
मी बिल ऑफ एन्ट्री भरते. एकोणीस वर्षं झाली.

नवा पोरगा, ओवेस, विचारतो:
मॅडम, यादीत चाळीस टक्के लिहिलंय,
आपण तर वीसच भरतो. चुकतंय का?

चुकत नाही.
चाळीस हा देशानं दिलेला शब्द.
त्याच्या वर जाणार नाही, असा.
तो जिनिव्हातल्या कुठल्याशा कपाटात असतो.
वीस हे आजचं पाणी.
बजेटला चढतं, उतरतं,
कधी रात्री अकराला अधिसूचना निघते
आणि सकाळी सातला पार्टीचे फोन.

माझा बाप जासईच्या खारीत उघाडी सांभाळायचा.
पुनवेच्या उधाणाला बॅटरी घेऊन जायचा,
खांबावर विळ्यानं पाडलेल्या खाचा मोजायचा.
मी म्हणायची, बाबा, बांध हातभर उंच का नाय करत?
तो चिखलातले पाय न काढता सांगायचा,
"बांद आपला नाय, बाय. गावाचा हाय.
आपुन उंच केला त पानी शेजाऱ्याकरं जाल.
मंग तो पन करल."

पुढे कामावर लागल्यावर
साहेबांनी बांधलेला दर समजावला तेव्हा
मला नवीन काही वाटलं नाही.
इथेही तसंच:
एका मालाचा बांध उचलायचा
तर ज्यांना शब्द दिला त्यांच्यासमोर बसायचं,
दुसऱ्या कुठल्या मालाचा खाली आणायचा.
आणि काही मालाला बांधच नाही,
त्याबद्दल कुणी कुणाला शब्दच दिला नव्हता.

परवा रबाळ्याहून गोठिवरेकर आले.
औषधाच्या कुप्या बनवतात.
टेबलावर दोन कुप्या ठेवल्या, एक त्यांची, एक तिकडची.
म्हणाले, वीस आहे ना? चाळीसपर्यंत जागा आहे ना?
मग सांगा की दिल्लीला.

जागा आहे, काका, पण बाकीच्यांसाठी.
ज्यांच्या कुप्या तुम्हाला नडतात
त्यांच्याशी वेगळा करार झालाय.
त्यांचा बांध वेगळा, आणि तो दर जानेवारीला
एकेक खाच खाली येतो.
मी परिशिष्ट फिरवून त्यांच्याकडे केलं.
सोळा. बारा. आठ. चार.
मग एक वाटोळं शून्य, खूप नीट छापलेलं.

त्यांनी बोटावर मोजलं.
पाच वर्षं, म्हणाले.
भट्टीच्या आतल्या विटाही पाचच वर्षं टिकतात.
म्हणजे यंदा अस्तर बदलायचं की नाही,
एवढंच ठरवायचंय.
आवाज चढला नव्हता. मला तो चढायला हवा होता.

मी त्यांना सांगितलं नाही
की त्याच कराराच्या मागच्या पानांवर
करंज्याच्या कोळंबीवरचा तिकडचा दर आहे,
तोही उतरत चाललेला,
आणि माझी वहिनी भामिनी
तळोज्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये
दिवाळीपासून दोन पाळ्या करते.
बोटं बधिर होतात तिची,
पण तिच्या घरी फ्रीज आलाय.
हे कुणाला आणि कसं सांगायचं?
पाणी एकीकडून येतं ते दुसरीकडून जातं
एवढं बापाला माहीत होतं.
पण त्याला दोन्हीकडची माणसं नावानं माहीत होती.

खार आता नाही. वर यार्ड आहे,
सहा-सहा डब्यांच्या उतरंडी.
उघाडीचा खांब कुठे गेला विचारलं,
तर ज्यांना विचारायचं तेही नाहीत.

आज दोन जानेवारी.
ओवेस, वीस खोड, सोळा टाक.
करार क्रमांक लिही, मूळ देशाचा दाखला जोड,
त्याची तारीख दोनदा बघ.

गोठिवरेकर एक कुपी इथेच विसरून गेलेत.
त्यांची की तिकडची, उजेडात धरूनही कळत नाही.
बादली भरत आली बघ.
जा, ओतून ये.