नंतर आठवण करा

साखर पेठेतल्या दुकानात
सकाळी साडेनऊला पडद्यावर निळा चौकोन येतो :
'या प्रणालीचा आधार आता संपला आहे.'
कोणाचा आधार, ते लिहीत नाही.
खाली दोन बटणं. एक 'आत्ताच',
दुसरं 'नंतर आठवण करा'.
मी दुसरं दाबते.
कडक भाकरी मोडल्यासारखा आवाज
माउसमधून येतो. दोन वर्षं झाली.

वेणुगोपाळ, नणंदेचा मुलगा, पुण्याहून आलाय.
खिशात नवी प्रणाली, बोटाच्या पेराएवढी.
"दाब की अत्ता, काय बघालालीस?
वीस मिनिटांत होतंय."
आमच्या तेलुगू घरात मामीला अत्ता म्हणतात.
तो अत्ता म्हणतो, बटण आत्ताच म्हणतं,
दोघं मिळून एकाच शब्दानं ढकलतात मला.

तो बरोबर आहे, हे आधीच सांगते.
जीएसटीचं पान उघडत नाही.
बँकेला माझा ब्राउझर ओळखू येत नाही.
बोम्ड्यालांच्या कारखान्यात व्हायरस शिरला,
सगळ्या फायलींना कुलूप,
आणि किल्लीवाला पैसे मागतोय
कुठल्याशा न दिसणाऱ्या नाण्यात.
खरं आहे सगळं.

पण पुठ्ठ्याला भोकं पाडणारं ते हिरवं यंत्र,
त्याची तार फक्त या जुन्याशीच बोलते.
ज्यानं बनवलं त्याचा सुरतेचा नंबर
आता एका फरसाणवाल्याकडे आहे.
मी दोनदा लावला.
दुसऱ्यांदा त्यानं पत्ता विचारला,
पापडी पाठवू का म्हणाला.

आत दोन हजार तीनशे नक्ष्या.
मोर, कुयऱ्या, घोडे,
कुणाच्या तरी बारशाला हवं होतं ते नाव,
बाळ आता कॉलेजात असेल.
भोक असेल तर धागा वर,
नसेल तर खाली.
यापलीकडे आमच्या धंद्यात काही नाही,
आणि याच्यात सगळी चादर.

नान्ना हे हातानं करायचे.
मांडीवर पुठ्ठा, उजव्या मुठीत चिमटा.
पडलेल्या गोल टिकल्या आम्ही गोळा करायचो,
बाहुलीच्या लग्नात त्याच अक्षता.
दोन हजार चार साली हा संगणक मी आणला.
नान्ना तीन दिवस मागे स्टूल टाकून बसले.
चौथ्या दिवशी म्हणाले,
"भोक चुकलं तर मला बोटाला कळतं.
याला कुठे कळतं?"
मी म्हटलं, "होईल सवय, नान्ना.
वीस मिनिटांत शिकाल."

वीस मिनिटं.
मीही तेवढीच सांगितली होती.

पाचव्या दिवसापासून ते दुकानात आले नाहीत.
चिमटा घरी नेला,
आणि ओसरीत बसून त्यानं
चटणीच्या शेंगा फोडत राहिले.
एकही दाणा मोडायचा नाही.

"जुनं कुठं राहतं रे मग?" मी विचारलं.
वेणू म्हणाला, "राहत नाही. पुसावं लागतं. जागा नाही."
म्हटलं, परवा पाणी यायचंय, त्यानंतर सांगते.
आमच्याकडे सगळे निर्णय नळाला विचारून होतात.

पाणी आलं. पिंपं भरली, टाकी भरली,
शेजारच्या सत्यम्माची घागरही.
ओल्या हातानंच दुकान उघडलं,
मग आठवलं, पुसले,
संगणकाच्या मागे हात घातला.
धूळ, पालीचं अंडं, आणि नेटची वायर.
ओढली.

साडेनऊ वाजले.
चौकोन आला नाही.
हिरवं यंत्र खडखडलं, मोराच्या मानेपर्यंत गेलं.
मी पहिलाच पुठ्ठा उचलून बोट फिरवलं त्यावरून.
काही कळलं नाही. पुन्हा फिरवलं.

आता आठवण करून देणारं कोणी नाही,
म्हणजे ते कामही माझ्याकडेच आलं.

वेणूला सांगितलंय, नवा घे,
पण याच्या शेजारी ठेव. बिलं त्याच्यावर, मोर याच्यावर.
टेबल दोन फूट लांब करायला सुतार सांगितलाय.
तोही फोन उचलत नाही.