पंचवीस रुबलची नोट

डांबर संपतं तिथे दुधाच्या किटल्या ठेवायचा
लाकडी कट्टा आहे. किटल्या नाहीत.
विस्वाल्दिस टायरमधली हवा थोडी सोडतो,
पाव भाजलाय का बघावं तसा अंगठ्याने दाबतो,
"आता रस्ता बोलेल," म्हणतो
आणि स्वतः गप्प होतो.

रस्ता बोलतो.
आधी वाळूची कुजबूज,
मग गोट्यांची करकर,
मग उतारावर पन्हाळी पत्र्यासारखे उंचवटे,
आणि दात एकमेकांना मोजून घेतात.
मी दातांची डॉक्टर आहे, मला हिशेब कळतो.
ओंडक्यांचा ट्रक जातो,
घामेजल्या मानेवर धुळीची कणीक मळून.

डावीकडे राय. उजवीकडे जवस,
निळी फुलं, दुपारनंतर दुकान बंद.
विजेच्या खांबावर करकोचा,
आम्हीच त्याचे भाडेकरू असल्यासारखा बघतो.
विद्झेमेच्या टेकड्या उंच नाहीत, चिवट आहेत.
एक उतरली म्हणेस्तोवर
दुसरी पायाला धरते.

जंगलात दोन चाकोऱ्या, मधे गवताची दाढी.
चाकोरी सोडू नये. निदान इथे तरी.
मी सोडली, रानबेरी दिसल्या म्हणून.
गारगोटीने टायरची कड फाडली,
आतलं पांढरं औषध माझ्या नडगीवर उडालं,
शिट्टी वाजली,
मग शिट्टीही संपली.

करंगळीएवढी चीर.
नवी ट्यूब घातली तर तिचं पोट
चिरेतून बाहेर डोकावायला लागलं.
आतून काहीतरी लावायला हवं, जाड, न ताणणारं.
चॉकलेटचा कागद तीनशे मीटर टिकला.
मग चालणं. खांद्यावर सायकल,
कानात डास.

झाडी संपताना घर.
शेपूची जुडी हातात घेऊन स्काइद्रिते बाहेर आली.
(नाव नंतर कळलं, काकड्या मधात बुडवून खाताना.)
बावीस वर्षं दूध गोळा करणाऱ्या ट्रकवर होती,
याच रस्त्याने, म्हणाली,
प्रत्येक खड्डा माझ्या कंबरेत आहे.
चिरेत बोट घालून बघितलं. "थांबा."

बिस्किटांचा डबा. आत नोटा,
पंचवीस-पंचवीसच्या, जांभळ्या,
गठ्ठ्याचं रबर वितळून कागदाला चिकटलेलं.
"गाईचे आहेत," ती म्हणाली.
"गाय घेणार होते. म्हटलं, हिवाळा जाऊ दे.
हिवाळा गेला,
पैसेही त्याच्याबरोबर गेले."
त्यानंतर आणखी दोन चलनं आली, गेली,
आताचं चौथं.
"पण कागद बघा. भिजला तरी फाटत नाही."

एका नोटेच्या तिने चार घड्या केल्या.
थोडा विचार करून दुसरी दिली,
"पुढच्या चाकाला. चाकांचा काय भरवसा."
मी पाकीट काढलं तर हसली.
"ते जपून ठेवा,
तुमच्या नातवंडांच्या टायरला होईल."

मग उतार, लांब, मोकळा,
पाइन, पाइन, आणि अचानक खाली गाउया,
लाल वाळूच्या कड्याला खांदा घासत वळणारी.
पाण्याचा वास आधी आला, पाणी नंतर.
मागच्या चाकात दर फेरीला बारीक
ठक.
ठक.
एक गाय चालत होती माझ्याखाली,
घाई नसलेली.

चाळीस किलोमीटर. वीस हजारांच्या आसपास फेऱ्या,
विस्वाल्दिसने स्टेशनवर हिशेब केला.
दिवसभरातलं त्याचं दुसरं वाक्य.
पंचवीस रुबलला पैशाला पासरी, मी म्हटलं.
तो हसला नाही. वाकून
टायरवर हात ठेवला.

नवा टायर आणलाय.
तीन शनिवार झाले, भिंतीला टेकून उभा आहे.
मी जुन्यावरच जाते.