शितावरून

शितावरून भाताची परीक्षा, आई म्हणायची.
तिने पातेलं आधी तळापासून ढवळलेलं असायचं,
एवढंच म्हणीत सांगायचं राहून गेलं.

तासगावच्या सौद्यात बेदाण्याचा बॉक्स फोडतात
तेव्हा वरचा थर हिरवागार, लांबट, एकसारखा.
मुरलेला व्यापारी त्याच्याकडे बघतही नाही.
कोपरापर्यंत हात खाली घालतो
आणि हाताला येईल ती मूठ वर काढतो.
दोन वर्षं संख्याशास्त्र शिकून
मी त्या मुठीपाशी येऊन पोचले.

मणेराजुरी रस्त्याला बेदाण्याची शेडं.
बायका दिवसभर जमिनीवर, एक पाय दुमडून:
काड्या वेगळ्या, काळे वेगळे, फुटके वेगळे.
आमचा प्रश्न साधा.
बसायला स्टूल, समोर उंच टेबल दिलं
तर कंबर कमी दुखेल का?
यादीत चारशे बारा नावं. घ्यायची साठ.

मुकादम म्हणाला, "ह्या म्होरच्या घ्या, बोलक्या हायत."
बोलक्या बायका पंख्याखाली होत्या.
पत्रा तापतो त्या बाजूला
कुणी मान वर करत नव्हतं.
मी नावांना आकडे दिले
आणि आकडे निवडताना माझी आवडनिवड
चपलांबरोबर बाहेर काढून ठेवली.

दोनशे सतरा निघाला. शमशाद पटवेगार, कवठे एकंद.
दाराला कुलूप.
दुसऱ्यांदा कुलूप. तिसऱ्यांदाही.
शेजारीण म्हणाली, "मलाच इचारा की, मी बी तेच काम करती,"
आणि आलं घालून चहा टाकला.
चहा प्यायले. प्रश्न पिशवीतच ठेवले.
चौथ्या खेपेला कळलं,
दोनशे सतरा मिरजेच्या दवाखान्यात आहे,
कंबरेसाठीच.

कुलपाला बोलायला असा वेळ लागतो.

मग साठ बायका आणि टेबलं तीस.
मालक चौगुले म्हणाले, "ज्यांचा हात चालतो त्यांना द्या."
म्हणजे हाताचं श्रेय टेबल खाणार.
नर्सबाई म्हणाल्या, "ज्यांना जास्त दुखतं त्यांना द्या."
म्हणजे जुन्या दुखण्याचं खापर टेबलावर.
एकाचा हिशोब, एकीची माया,
दोन्ही तराजूत बोट घालत होती.

साठ चिठ्ठ्या, सारख्या कापलेल्या, सारख्या दुमडलेल्या,
सगळ्यांदेखत मोजून कळशीत टाकल्या.
"हलवा की नीट," इंदुमती लांडगे मागून ओरडली,
"बुडातल्या वर येऊ द्यात!"
मला आईचा डाव आठवला, पातेल्याला लागून वाजणारा.

गजरा कोळेकरला निघाली 'जमीन'.
तिने चिठ्ठी उलटी करून पाहिली,
मागे काही लिहिलंय का म्हणून.
"माझ्या पाठीनं तुमचं काय वाकडं केलंतं?"
काही नाही, मावशी. तेच तर.
कळशीला तुमची पाठ ठाऊक नाही, नाव नाही, जात नाही,
तुम्ही मालकाला उलट बोलता तेही नाही.
हे मी म्हणणार होते. म्हटलं एवढंच:
"टेबल चांगलं निघालं तर पुढच्या हंगामात तुम्हालाही."
"आन् न्हाई निघालं तर?"
"तर तीस बायका उगाच उंच बसल्या."
ती हसली. मला हसता आलं नाही,
कारण तिच्या खाली बसण्यावरच
वरच्यांचं बरं वाटणं मोजायचं होतं.

दर गुरुवारी मी वही घेऊन जाते.
शून्य ते दहा, मावशी, आज किती?
"टेबलवालीनं किती सांगितलं?"
ते सांगता येत नाही.
"मग माझं बी तिला सांगू नगंस."
बेदाण्यातली काडी काढून ती बाजूला ठेवते,
कंबरेवर हात टेकून थोडी मागे होते,
खरंच मोजते.

"लिव," म्हणते, "सात.
न्हाई, थांब.
साडेसात हाय का तुझ्याकडं?"