सात

बांबोळीच्या ओपीडीत, उजेडाच्या काचेवर
इनास कुलासोंच्या जबड्याची फिल्म.
दाढ आडवी निजलेली,
शेजारणीच्या कमरेत डोकं खुपसून.

मी मोजते.
आडवी, म्हणजे दोन.
हाडात पार बुडालेली, तीन.
मागे जागा अर्धीमुर्धी, तिचे दोन.
सात.
फॉर्मवर सातच्या पुढे छापलंय: कठीण.
वय बावन्न. त्याला चौकट नाही,
पण या वयात हाड लवत नाही, चिऱ्यासारखं तासावं लागतं.
तोंड उघडतं दोन बोटं. तिसरं अडतं.

मुळं टोकाला वळलेली,
त्यांच्या खालून दोन पांढऱ्या रेघांमधली काळी वाट,
आणि नेमकी मुळापाशी
वरची रेघ तुटलेली.
हे मला नको होतं.

"ही नस खालच्या ओठाची," मी सांगते.
"दुखावली तर ओठ बधिर. काही आठवडे.
कधी कधी कायमचा."

इनास चोडणला मानस राखतात.
भरतीला दार आपसूक मिटतं, ओहोटीला उघडतं,
मग यात राखायचं काय, असं मला वाटायचं.
ते म्हणाले, फळी कुठंतरी झिरपतेच.
शेताकडचं पाणी बोटावर घ्यायचं,
उन्हानं फुटलेल्या ओठाला लावायचं.
चुरचुरलं, की खाडी आत आली.
"ओठच मेला तर कोणाला विचारू?"

मग खुर्चीतून उठून, गळ्यात तो निळा कागद तसाच,
ते फिल्मजवळ गेले. बराच वेळ.
"रेघ तुटलीय ती हीच?"
"हो."
"बांध पातळ झालाय इथं.
बाये, बांधातला जुना खांब आम्ही उपटत नाही.
वरचं कुजकं कापतो, बूड राहू देतो.
चिखल त्यालाच धरून असतो.
उपटलास तर भोकातून नदी."

पुस्तकात आहे हे. दाढेचा माथा कापायचा,
मुळं जागच्या जागी सोडायची.
परीक्षेला मी दीड पान लिहिलं होतं,
आज एकदाही आठवलं नाही.

फॉर्मच्या समासात लिहिते:
मुळं ठेवावीत का? सरांना दाखवणे.
खाली, आणखी बारीक:
ओठ कामाचा आहे.

"पुनवेच्या आधी नको," ते दारातून म्हणतात,
"उधाण असतं."
मी कॅलेंडर पाहते. पुनवेनंतरचा बुधवार.
सात मात्र खोडत नाही.